सुर्ल्याचा वझर

माझ्या वडिलांकडे स्कूटर होती. ती स्टुडिओच्या दारात उभी असायची आणि तिच्या सीटवर शेजारचं मांजर झोपायचं. बाबा कामाला जायचे ते चालत. "गाडयेर बसल्यार रस्तो दिसता, जागो दिसना नाय," असं म्हणायचे आणि खांद्याला यशिका कॅमेरा अडकवून निघायचे. लग्नाच्या ऑर्डरीलासुद्धा घामाघूम होऊन पोचायचे. मग नवरीकडची माणसं आधी त्यांना पंख्याखाली बसवायची आणि फोटोंचं नंतर बघायची. आईला याची लाज वाटायची आणि मला राग यायचा, कारण तिपाई माझ्या खांद्यावर असायची.

डिचोलीच्या बाजारात आमचा स्टुडिओ होता. अजून आहे. एका खोलीत पडदा, दिवे आणि एक कादेर, म्हणजे गिऱ्हाइकाला बसायची लाकडी खुर्ची. मागे अंधारी खोली, आणि जनेलाजवळ, म्हणजे खिडकीशी, माझं मेज. तिथे बसून मी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं काम करायची. देवीचे व्रण भर, डोळ्यांखालचं काळं घालव, पडलेला दात बेतानं झाक. डिचोली तालुक्यातल्या निम्म्या मुलींची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमली, असं मी म्हणाले तर ते फार खोटं होणार नाही.

माझं तेवढं जमायचं राहिलं होतं. १९८७ साल, मला पंचविसावं संपत आलेलं. आई, देवकी, मूळची बेळगावची. तिनं माहेरच्या ओळखीतून एक स्थळ आणलं होतं. मुलगा कारखान्यात सुपरवायझर, घर स्वतःचं. त्यांनी फोटो बघून पसंती कळवली होती. तो फोटो बाबांनी काढला होता आणि माझ्या गालावर पेन्सिल मीच फिरवली होती, त्यामुळे त्यांनी पसंत केलेली मुलगी नक्की कोण, हे माझं मलाच ठाऊक. अक्षयतृतीयेच्या आत ती माणसं बघायला यायची होती.

मला बेळगावला जायचं नव्हतं. मुलात काही खोट होती असं नाही. मला स्टुडिओ हवा होता. मला तिपाई वाहायची नव्हती, तिच्यावर माझा कॅमेरा लावायचा होता. मी हे बोलले की आई म्हणायची, "फोटो काढत फिरणारी बाई कुठं बघितलीयस तू?" मी कुठंच बघितली नव्हती, हे खरं. बाबा फक्त "बघूया" म्हणायचे. त्यांचं हे "बघूया" ऐकून माझं डोकं फिरायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी पणजीहून एका सरकारी खात्याचं पत्र आलं. उत्तर गोव्यातल्या प्रेक्षणीय जागा, वसंतातली फुलं आणि धबधबे यांची एक पुस्तिका काढायची आहे. सोबत तीस जागांची यादी आहे. फोटो काळे-पांढरे पाठवावेत, त्यांतले बारा निवडले जातील. काम पसंत पडलं तर पुढे सबंध गोव्याचं मोठं पुस्तक करायचा विचार आहे. धबधब्यांची आठवण मार्चात होणारी माणसं कुठल्या गावची, असं मी म्हणाले. पावसात हेच काम सांगितलं असतं तर गटारसुद्धा प्रेक्षणीय दिसलं असतं.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. मोठ्या पुस्तकाची ओळ तिसऱ्यांदा वाचली. वीस वर्षं ते पासपोर्टचे फोटो काढत होते आणि रविवारी स्वतःच्या खर्चानं जंगलं तुडवत होते. असं एक पुस्तक त्यांच्या मनात होतं, ते मला माहीत होतं. मग त्यांनी मला हाक मारली.

"बाय, आयक. तुज्याकडे तो क्लिक थ्री कॅमेरो असा. तू पण काढ. फोटो जातले ते स्टुडिओच्या नावान, कोणी काढलो ता थंय कोणाक कळाचा नाय. बारांतलो एक जरी तुजो घेतलो, तर तुज्या आवयक मी सांगतंय. मगे स्टुडिओ तुजो."

"आणि नाही घेतला तर?"

"तर बेळगावची माणसां येतली तेंका चाय घेऊन तू भायर येवची. वाद घालूचो नाय."

मी लगेच कबूल केलं. पंचविसाव्या वर्षी माणसाला आपल्याबद्दल काय काय वाटत असतं!

आम्ही सुरुवात पेडण्यापासून केली. बसनं पेडणं बाजारात उतरलो आणि तिथून पालयेमार्गे चालत केरीला. वाटेत एका माडाच्या सावलीत पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, आणि सुकी भाजी खाल्ली. सुरंगीचा मोसम होता. एका घरामागे सुरंगीचं जुनं झाड होतं आणि खाली लुगडी अंथरून बायका फांद्या हलवत होत्या. सुरंगीची फुलं थेट जाड फांदीलाच फुटतात, गच्च, देठाशिवाय चिकटवल्यासारखी. वास असा की बोलताना तोंडात जातो. मी सहा फोटो काढले. बाबा बराच वेळ नुसते बघत राहिले आणि एकच काढला. घरी धुतल्यावर कळलं, माझ्या सहांत झाड होतं आणि त्यांच्या एकात सुरंगी होती. एका बाईचा वर केलेला हात, कोपरापर्यंत फुलं चिकटलेली, आणि मागे सगळं धूसर. पिवळा रंग नव्हता, वास नव्हता, तरी होतं सगळं. माझे सहा मी तेव्हाच उलटे करून ठेवले.

केरीहून फेरीनं तेरेखोलला गेलो. किल्ल्याचा फोटो सगळे केरीच्या वाळूतून काढतात. बाबांना तो खालच्या खडकांवरून हवा होता. ओहोटी होती, खडक शेवाळलेले. मी म्हणाले, "बाबा, राहू द्या." ते "बघूया" म्हणाले आणि पुढच्याच पावलाला घसरले. कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरलेला, त्यामुळे बाकी सगळं आपटलं. घोटा मुरगळला. परतताना ते केरीपासूनच बसमध्ये बसले.

घोटा सुजला तरी हरवळ्याचं आणि मयेच्या तळ्याचं काम त्यांनी काठी घेऊन केलंच. हरवळ्याला पाणी बारीक झालं होतं. मी समोरून काढलं, जसं कॅलेंडरवर असतं तसं. त्यांनी पाण्याकडे पाठ केली आणि देवळाच्या पायरीवर ओल्या कपड्यानं बसलेला म्हातारा काढला. मागे पाणी होतं, पण जेमतेम. तोही माझ्याहून चांगला होता. मला रडू यायचं ते यासाठी की मला फरक कळत होता. न कळता तर मी सुखानं हरले असते.

यादीत शेवटी एक जागा राहिली. सुर्ला, वझर. तो काळ असा होता की कोकणीतलं वझर म्हटलं तर एक जण रागावायचा आणि मराठीतलं धबधबा म्हटलं तर दुसरा. कोकणीला राजभाषा करणारा कायदा नुकताच झाला होता आणि बाजारात लोक दुकानांच्या पाट्या वाचून एकमेकांची जात ठरवत होते. आमच्या घरात बाबा वझर म्हणायचे, आई धबधबा, आणि दोघांचं त्यावरून कधी भांडण झालं नाही. त्यांना भांडायला इतर विषय पुष्कळ होते.

"सुर्ल्याक तू एकटी जा," बाबा म्हणाले. "माजो पाय आता चलना नाय. हय वेळग्याच्या अंगान गेलं तर दोन अडीच तासांत पोचशीत."

डिचोलीच्या माणसाला सुर्ला म्हटलं की एकच सुर्ला. आमच्याच तालुक्यातलं, खाणीचं. तिथे वझर असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, पण बाबांनी सांगितलं म्हणजे असणार. मी पहाटे निघाले. रस्त्यावर खनिजाचे ट्रक एकामागून एक, आणि लाल धूळ इतकी की आठ वाजता मी डोक्यापासून पायापर्यंत विटकरी झाले होते. खाणीच्या तोंडाशी एक कामगार ट्रकच्या मागचं फळकूट लावत होता. निवृत्ती नाव, गडहिंग्लजकडचा. त्याला मी धबधबा विचारला. तो माझ्याकडे बघून इतका हसला की त्याला खोकला आला.

"ताई, हितं धबधबा कुठला? धूळ पडती ती बघा वरनं, काढा तिचाच फोटू." मग त्याला माझी दया आली असावी. "त्या धाकूआजोबाच्या बागंत जावा. तितं पाणी हाय. आमी आंघुळीला जातो."

धाकू साठीचा होता, उघडा, कमरेला पंचा आणि हातात कोयता. खाणीच्या मातीचा डोंगर त्याच्या कुळागरापासून शंभर पावलांवर येऊन थांबला होता. एका बाजूला लाल माती आणि दुसऱ्या बाजूला माड, पोफळी, केळी, हिरवंगार. मी वझर म्हणताच त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"वझर? सुर्ल्याक?" तो म्हणाला. "एक पाणी असा. तेका वझर म्हणूक जाय तर म्हण. कोणाचा काय जाता?"

कुळागराच्या मागे डोंगराला एक कपार होती. तिथून दोन पुरुष उंचीवरून पाणी एका सपाट काळ्या दगडावर पडत होतं, मनगटाएवढ्या धारेनं. वर फणसाचं झाड वाकलेलं, त्याची मुळं पाण्यात. दगड मधोमध खोलगट झाला होता. धाकू म्हणाला, त्याच्या आज्यानंही तो असाच बघितला होता. मी कॅमेरा काढला आणि धाकूनं पंचा नीट केला. मी म्हणाले, तुम्ही नको, नुसतं पाणी हवं. तो बाजूला झाला.

मी अकरा फोटो काढले. समोरून, बाजूनं, खालून. एकही मनासारखा नव्हता, हे बघतानाच कळत होतं. बारावा उरला होता तेव्हा धाकूनं विचारलं, "ह्या पाण्याचो फोटो बरो येतलो मां, बाय? पुढल्या वर्सा हय माती येतली. तेनी सांगून गेलेहत."

तो हे सांगत होता आणि सांगता सांगता सवयीनं पुढे होऊन त्यानं ओंजळ धारेखाली धरली. पाणी प्यायला नव्हे, दगडावर साठलेला लाल गाळ धुवायला. ओंजळीनं पाणी फेकायचं, तळहातानं दगड पुसायचा. रोज सकाळी हेच करत असणार. मी बटण दाबलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी बघितलं.

घरी आले ती घसा धरूनच. रात्री ताप भरला आणि दोन दिवस मी अंथरुणावर होते. रोल बाबांनी धुतला. तापातच त्यांनी मला प्रिंट आणून दाखवली. धाकूचे वाकलेले हात, पाणी, चकाकणारा दगड, आणि मागे कोपऱ्यात मातीच्या डोंगराची कड. मग बाबांनी ती उजेडात नेली. बराच वेळ प्रिंट हातात धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हापशाला गेले. कागद आणि केमिकल संपलं म्हणाले. रात्री उशिरा परतले ते भिंतीला धरून. घोटा पहिल्यापेक्षा दुप्पट सुजला होता. आईनं गरम पाण्याची बाल्दी आणून आदळली आणि म्हणाली, "कागद आणायला गेला होता की कागदाचं झाड तोडायला?" बाबा हसले. पाय पाण्यात सोडून डोळे मिटून बसले.

पाकीट पाठवायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मेजावर फोटो मांडले. एकोणतीस जागांना बाबांचा फोटो. माझेही त्यांनी जोडले, पण माझं मलाच कळत होतं. "सुर्ल्याचो तुजोच," ते म्हणाले. "त्या जाग्याचो माजो नाय." मी विचारलं, "बाबा, खरं सांगा, बरा आहे का?" त्यांनी पाकिटाला गोंद लावला आणि म्हणाले, "बघूया."

एप्रिलच्या मध्यावर पत्र आलं. बारा आकडे होते. अकरा बाबांचे. एक, सुर्ला.

मी स्टुडिओत नाचले. बाजारातली माणसं बघत होती, तरी नाचले. बाबांनी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. आई दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी बेळगावला नकार कळवला. पुढे चार वर्षांनी मी शेजारच्या फ्रेमवाल्या गोकुळदासशी लग्न केलं. मधली भिंत पाडून दोन दुकानं एक केली. आई त्या दिवशी पोटभर जेवली.

पुस्तिका जूनमध्ये निघाली. तोवर गोवा राज्य झालं होतं, त्यामुळे मुखपृष्ठ घाईनं बदललं होतं. वझर की धबधबा हा वाद त्यांनी सोडवला तो असा की पुस्तिका इंग्रजीत काढली. माझा फोटो नवव्या पानावर होता. खाली इंग्रजीत छापलं होतं: सुर्ला धबधबा, सत्तरी तालुका.

सुर्ला दोन आहेत. एक आमचं खाणीचं, आणि दुसरं सत्तरीत, वर घाटाच्या बाजूला, जिथे उंच कड्यावरून पाणी खाली दरीत पडतं. पणजीच्या माणसांना ते हवं होतं. गोव्यात केरी तीन आहेत, हे बाबांना पाठ होतं. पण घराजवळच्या सुर्ल्यानं त्यांना फसवलं. सत्तरीच्या एका मास्तरांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की आमच्या शंभर पुरुष उंचीच्या वझराच्या जागी कोण्या म्हाताऱ्याची मोरी छापली आहे. खात्यानं स्टुडिओला खुलासा विचारला. बाबा स्वतः पणजीला गेले आणि "चूक माझी आहे" असं स्वतःच्या नावानं लिहून देऊन आले. मोठ्या पुस्तकाचं नाव पुढे कोणी काढलं नाही.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर फार नाही. मी तेव्हा स्टुडिओची मालकीण झाले होते. आणि चूक माझी नव्हती. मी गेले ती त्यांनी सांगितलं तिथे.

हळूहळू तो किस्सा झाला. माझ्या लग्नात मी तो सांगितला. गणपतीला पाहुणे आले की सांगितला. निवृत्तीचं हसणं, धाकूचा पंचा, मास्तरांची मोरी, सगळं आवाज काढून. शेवटी मी बाबांकडे हात करून म्हणायची, "सबंध गोवा चालून आलेला माणूस, पण ह्यांना सुर्ला एकच माहीत!" सगळे पोट धरून हसायचे. बाबाही हसायचे. २००९ साली ते इस्पितळात होते, शेवटचे. तिथल्या नर्सलासुद्धा मी हा किस्सा सांगितला, वेळ जात नव्हता म्हणून. मी शेवटावर आले तेव्हा त्यांनी डोळे न उघडता, स्वतःचं नाव घालून, स्वतःच वाक्य पुरं केलं, "पांडुरंगाक सुर्ला एकच खबर." नर्स हसली. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक मुलगी स्टुडिओत आली. आता आमच्याकडे लोक झेरॉक्सला येतात, म्हणून मी न बघताच हात पुढे केला. तिनं हातात जुनी पुस्तिका ठेवली, नववं पान उघडून.

"मावशी, हो फोटो तुमच्या स्टुडिओतलो? हे हात म्हज्या आज्याचे. धाकू नाव."

तिचं नाव गौरवी. कॉलेजात शिकवते. ते कुळागर, ती कपार, सगळं अठ्ठ्याऐंशी साली मातीखाली गेलं. ही जन्मली त्यानंतर दहा वर्षांनी. "बाबा सांगतात थंय पाणी पडतालें," ती म्हणाली, "पण म्हाका खरें दिसनासलें. हांवें थंय फकत मातीच पळयल्या." लायब्ररीत तिच्या वडिलांनी चुकून पुस्तिका उघडली, खालचं नाव चुकीचं असूनही दगड ओळखला आणि तिथेच बसून रडले. घरात आजोबांचा दुसरा एकही फोटो नाही. तिला मोठी प्रत हवी होती.

मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. मी निगेटिव्ह शोधायला लागले. सत्त्याऐंशीच्या डब्यात ते मिळालं नाही. म्हणून मी बाबांचा दुसरा पत्र्याचा डबा काढला, ज्यात कान कापलेली निगेटिव्ह असायची. ही त्यांची पद्धत होती. जे निगेटिव्ह बिघडलं, हललं, धूसर आलं, त्याचा एक कोपरा ते कात्रीनं उडवायचे. कान कापलेल्याचा प्रिंट काढायचा नाही, हा नियम मला लहानपणापासून शिकवलेला. तो डबा मी कधी उघडलाच नव्हता. बिघडलेली कोण बघत बसणार?

माझं निगेटिव्ह त्यात नव्हतं, ते नंतर गोकुळदासला फ्रेमांच्या कप्प्यात सापडलं. पण डब्याच्या तळाशी एक पाकीट होतं, बाबांच्या अक्षरात. सुर्ला, सत्तरी. २१ मार्च ८७, दुपारी तीन.

मी आधी तारीख वाचली आणि मला काही उमगलं नाही. मग आठवलं. मी तापात होते, तो दिवस. म्हापसा.

आत एकच निगेटिव्ह होतं. मी ते जनेलाकडे धरलं. निगेटिव्ह वाचायला मला प्रिंट लागत नाही, सबंध आयुष्य तेच केलंय. कडा होता, वरपासून खालपर्यंत, आणि त्याच्यावरून पाण्याची एक बारीक रेघ सरळ दरीत गेलेली. मार्चातलं पाणी, सुतासारखं, तरी तुटलेलं नव्हतं. पुढे पान नसलेली सांवर, फुलांनी भरलेली, आणि तिच्या एका फांदीनं ती रेघ जिथे अडवायला हवी नेमकी तिथे अडवलेली. त्या जागेवरून ते तसं दिसायला माणसाला घाटातून खाली कपारीत उतरावं लागलं असणार. सुजलेल्या घोट्यानं. एका दिवसात जाऊन येऊन.

ते हललेलं नव्हतं. धूसर नव्हतं. त्यांनी काढलेला इतका सुंदर फोटो मी दुसरा बघितलेला नाही, आणि त्यांचे सगळे मी बघितलेत. उजवा कोपरा कात्रीनं उडवलेला होता, अगदी सरळ.

म्हणजे त्यांना कळलं होतं. माझी प्रिंट हातात घेऊन उभे राहिले तेव्हाच कळलं असेल, पत्र पुन्हा काढून वाचलं असेल. चूक सुधारायला ते गेले, कारण चुकीच्या नावाचा फोटो त्यांच्या हातून कधी गेला नव्हता. परत आले, धुतलं, वाळवलं, आणि त्यांच्यासमोर दोन सुर्ला होती. हे पाठवलं असतं तर माझा फोटो उरलाच नसता. बाराच्या बारा त्यांचे झाले असते, मोठं पुस्तकही मिळालं असतं, आणि मी बेळगावच्या माणसांसमोर चहाचा ट्रे घेऊन उभी राहिले असते. निवडला जाईल असा माझ्याकडे दुसरा एकही फोटो नव्हता. हे त्यांना मेजावर मांडायच्या आधीच माहीत होतं.

आणि मी बावीस वर्षं माणसं गोळा करून त्यांना त्यांच्यासमोर हसले. ते मध्ये बसून, माझ्या आवाजाच्या नकलांना दाद देत, हसत होते. एकदाही त्यांचा चेहरा बदलला नाही. मी फोटोग्राफर, चेहरे वाचणं माझा धंदा, आणि मला दिसलं नाही. नकला करताना मी त्यांच्याकडे बघतच नव्हते, पाहुण्यांकडे बघत होते.

"मावशी, कितें जालें?" गौरवीनं विचारलं. तिनं मला धरून कादेरीवर बसवलं. गोकुळदास पाण्याचा पेला घेऊन आला आणि म्हणाला, "गौरवी, तुला तो किस्सा सांगितला की नाही हिनं? सुर्ल्याचा? सांग गं वत्सला, तुला बरं वाटेल."

मी सांगायला सुरुवात केली. बाबांनी मला आमच्या सुर्ल्याला पाठवलं तिथपर्यंत नेहमीसारखं सांगितलं. पुढची नक्कल मी केली नाही. निगेटिव्ह अजून हातात होतं. ते मी गोकुळदासला दिलं आणि म्हणाले, "बाबांना दोन्ही माहीत होती."

गोकुळदासनं ते उजेडाला धरलं. त्याचं हसू हळूहळू गेलं. तो म्हणाला, "ह्याचा प्रिंट काढायचा?"

कान कापलेल्याचा काढायचा नाही, हा त्यांचा नियम होता. त्यांनी सांगितलेलं मी आयुष्यभर नीट ऐकलं नाही. मी म्हणाले, "काढ. मोठ्यात मोठा काढ. आणि खाली त्यांचं नाव घाल."